तपासणाऱ्याची सही

कार्ड क्रमांक एकवर जो शब्द आहे तो आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असतो: गिफ्ट. इंग्रजीत त्याचा अर्थ भेट. जर्मन भाषेत विष. स्वीडिश भाषेत विष तर आहेच, शिवाय विवाहित माणसालाही तेथे हाच शब्द लावतात. हे कार्ड मी केले, असे एका पुस्तिकेत गेली एकोणीस वर्षे छापलेले आहे. ते मी केलेले नाही. ज्यांनी केले त्यांची हकीकत, मला माहीत आहे तेवढी आणि घडली त्याच क्रमाने, येथे लिहीत आहे.

आमची कंपनी परदेशातून कागदगिरण्यांची यंत्रे आणि त्यांना लागणारी रसायने मागवीत असे. प्रत्येक यंत्राबरोबर आणि रसायनाच्या प्रत्येक खेपेबरोबर एक माहितीपत्रक येई. त्याच्या पानावर तीन रकाने असत: डावीकडे इंग्रजी, मध्ये जर्मन, उजवीकडे स्वीडिश. हा मजकूर कामगारांना वाचता येईल अशा आपल्या भाषेत आणणे हे अनुवाद विभागाचे काम, आणि मी त्या विभागाचा प्रमुख. जर्मनमध्ये माझी पदवी होती. स्वीडिशचे माझे ज्ञान शब्दकोशापुरते होते, आणि हे मी कोणापासून लपवलेले नाही. जे लपवले ते पुढे येईल.

मूळ मजकुराची एक स्वच्छ प्रत दप्तरी राहावी म्हणून तिन्ही रकाने टंकित करून घेण्याची पद्धत मी घातली होती. ते काम ज्या करीत त्यांना सारे कार्यालय टायपिस्टबाई म्हणे. ठेंगण्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि खुर्चीची उंची पुरावी म्हणून जुन्या दोन टेलिफोन डिरेक्टऱ्या खाली घेऊन बसणाऱ्या. शिक्षण शालान्त परीक्षेपर्यंत. पुढे शिकायची इच्छा होती, पण निकाल लागला त्याच महिन्यात वडिलांनी त्यांचे लग्न लावून दिले. नवरा ट्रकचालक होता. तो घरी असला की बाई कार्यालयात अधिक वेळ थांबत. यापेक्षा जास्त मी कधी विचारले नाही.

बाईंच्या यंत्रावरचा 'र' बिघडलेला होता. तो ओळीतून किंचित वर उडी मारी. दुरुस्तीचा अर्ज मी तीनदा केला, तिन्ही वेळा तो कुठल्या तरी टेबलावर मुक्कामाला राहिला. आमचा शिपाई त्यांना म्हणे, "बाई, तुमचा 'र' रजेवर निघालाय वाटतं."

"त्याला तरी मिळू दे की रजा," बाई म्हणत. यंत्र थांबत नसे.

त्यांच्या नोकरीला आठ-नऊ वर्षे झाली असतील. एके दिवशी त्या एक पत्रक घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या.

"साहेब, एक गंमत दाखवू?"

"गंमत मधल्या सुट्टीत."

"मधल्या सुट्टीत तुम्ही डोळे मिटून बसता."

त्यांनी पत्रक माझ्यापुढे सरळ करून ठेवले. कागद पांढरा करण्याच्या एका रसायनाचे ते पत्रक होते.

"हे बघा. मधल्या रकान्यात कवटीचं चित्र, खाली गिफ्ट. उजवीकडच्याही रकान्यात कवटी आणि गिफ्ट. म्हणजे विषच असणार. आता शेवटचं पान. डावीकडे इंग्रजीत काय म्हणतात, दहा डबे घेतले की एक ब्रश गिफ्ट. बरं, हेही समजलं. पण हा अपघाताचा फॉर्म, स्वीडिशमधला. नाव, वय, आणि पुढे गिफ्ट की ओगिफ्ट, एकावर खूण करा. आता ज्याचा हात भाजलाय त्याला काय विचारताहेत? बाबा रे, विष घेतलंस की नाही?"

मी कोश उघडला. 'ओगिफ्ट' म्हणजे अविवाहित, असे त्यात दिले होते. मी तसे सांगितले.

बाई इतक्या हसल्या की दोऱ्याने बांधलेली काडी कानावरून निसटली. "म्हणजे लग्न झालं की माणूस गिफ्ट! माझ्या लग्नात तर तिन्ही रकाने भरले, साहेब." मग चष्मा नीट बसवून, वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "पण यात नवल काय? आपलं तरी काय वेगळं आहे? भेट देतो. विष देतो. आणि मुलगी कुठे दिली, असं विचारतो. देणं एकच. कोणाला काय मिळालं तेवढाच फरक."

त्या जागेवर जाऊन पुन्हा टंकलेखन करू लागल्या. मी व्युत्पत्तिकोश काढला. तिन्ही अर्थ 'देणे' या एकाच धातूपासून निघाल्याचे त्यात पाऊण पान खर्चून सांगितले होते: दान दिलेली वस्तू, वैद्याने दिलेली मात्रा, विवाहात दिलेली कन्या. त्या विद्वानाच्या पाऊण पानात जे होते ते सगळे बाई उभ्या-उभ्या सांगून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून मी कार्डांची पद्धत सुरू केली. जे शब्द तिन्ही भाषांत किंवा दोहोंत सारखे दिसतात आणि निराळे बोलतात, त्यांचे प्रत्येकी एक कार्ड. वर शब्द, खाली तीन ओळींत तीन अर्थ, आणि उजव्या कोपऱ्यात सही. सही एकच, आणि ती तपासणाऱ्याची. ज्याची सही त्याची जबाबदारी. हा नियम मी स्वतः लिहून भिंतीवर लावला होता. तयार करणाऱ्याच्या नावासाठी कार्डावर जागा ठेवलेली नव्हती. त्या वेळी यात मला काही वावगे दिसले नाही. नियम सुटसुटीत होता, आणि सुटसुटीत नियमांचा मला लहानपणापासून लोभ आहे.

नऊ वर्षे हे काम चालले. बाई माहितीपत्रक टंकित करता करता शब्द हेरीत, घरी नेलेल्या जुन्या कोशात पडताळीत, आणि कार्ड करून माझ्या टेबलावर ठेवीत. प्रत्येक कार्डाबरोबर एखादा शेरा फुकट असे. 'रॉक' म्हणजे इंग्रजीत खडक, जर्मनमध्ये घागरा, स्वीडिशमध्ये लांब कोट. "नेसायचा, पांघरायचा, की डोक्यात घालायचा?" 'बार्न' म्हणजे इंग्रजीत गोठा, स्वीडिशमध्ये मूल. "बरोबर आहे, दोन्हीकडे रोज झाडू मारावा लागतो." मी हसत नसे. मी सही करीत असे. काही कार्डे मीही केली, पण ती थोडी, आणि त्यांच्याबरोबर कोणताही शेरा नसे. एकूण सहाशे चाळीस कार्डे सहा लाकडी खणांत जमली.

मग कंपनीची पंचवीस वर्षे पूर्ण झाली, आणि ही कार्डे पुस्तिकारूपाने छापावीत अशी कल्पना संचालकांनी काढली. छापखान्याने कार्डे नेली. सहाशे चाळीस कार्डे, आणि सर्वांवर एकच सही. त्यांनी कोणाला न विचारता मुखपृष्ठावर माझे नाव जुळवले आणि तपासणीसाठी मुद्रित पाठवले. माझ्या नावातील एक इकार ऱ्हस्व पडला होता. तो मी दीर्घ केला. बाकी सर्व बरोबर असल्याची खूण करून मी ते मुद्रित परत पाठवले.

प्रस्तावनाही मीच लिहिली. तिचा पहिला परिच्छेद भेट, विष आणि मुलगी देणे यांविषयी आहे, आणि 'देणे एकच. कोणाला काय मिळाले एवढाच भेद' या वाक्याने तो संपतो. आभारांच्या यादीत छापखाना आहे, संचालक आहेत, एका मृत प्राध्यापकांचे नावही आहे. समारंभात संचालकांनी तो परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला आणि व्यासपीठावर माझा हात हातात घेतला. नोकरीच्या इतक्या वर्षांत माझ्यासाठी टाळ्या वाजण्याची ती पहिली वेळ होती.

प्रत्येक कर्मचाऱ्याला एक प्रत मिळाली. बाईंनी आपली प्रत उभ्यानेच उघडली, प्रस्तावनेचे पान वाचले आणि मिटली.

"छपाई चांगली झालीय," त्या म्हणाल्या.

"कागदही उत्तम आहे," मी म्हणालो.

दोनच महिन्यांनी आमच्या विभागात अनुवादकाची एक जागा रिकामी झाली. पदवी हवी, अथवा पदवी नसल्यास स्वतःचे काही प्रकाशित काम हवे. वय पंचेचाळीसच्या आत. बाईंना चव्वेचाळीस पूर्ण होऊन सात महिने झाले होते. पुन्हा अशी जागा निघेपर्यंत त्यांचे वय उलटणार होते, हे त्यांना ठाऊक होते, मलाही ठाऊक होते. त्यांनी अर्ज केला. निवड समितीत तिघे होतो: संचालक, कर्मचारी विभागाच्या अधिकारी बाई, आणि मी.

मुलाखत दुपारी बाराला होती. गोल टेबल माणसांच्या मानाने फार मोठे होते. प्रत्येकापुढे पाण्याचा पेला आणि त्यावर कागदाची चकती ठेवलेली होती. टायपिस्टबाई आल्या, बसल्या. डिरेक्टऱ्या नसल्यामुळे टेबल त्यांच्या छातीपर्यंत येत होते.

संचालक अर्ज चाळत म्हणाले, "प्रकाशित काम म्हणून तुम्ही आपल्या या पुस्तिकेचा उल्लेख केलाय. पण हिच्यावर तर विभागप्रमुखांचं नाव आहे."

"हो. कार्डं मी केली. साहेबांनी तपासली."

"सगळी तुम्ही केली?" अधिकारी बाईंनी विचारले.

"सगळी नाही. बहुतेक."

संचालक माझ्याकडे वळले. "काय हो? असं आहे का?"

उत्तर एका शब्दाचे होते. 'होय' या शब्दाला कोणत्याही कोशात दुसरा अर्थ नाही. पण माझ्या डोळ्यांपुढे ते व्यासपीठ आले, संचालकांचा हात आला. मुखपृष्ठाच्या मुद्रितावर मीच केलेली 'बरोबर' ही खूण आली. एवढे सगळे एका शब्दाने खोटे ठरणार होते. मी म्हणालो, "प्रत्येक कार्डावर माझी सही आहे."

हे वाक्य अक्षरशः खरे आहे. म्हणूनच मी ते निवडले. सरळ खोटे बोलण्याइतकी माझ्यात धमक नव्हती, आणि खरे बोलण्याइतकीही नव्हती. मधली वाट मला व्याकरणाने काढून दिली.

बाईंनी माझ्याकडे पाहिले नाही. त्या पेल्यावरच्या कागदी चकतीकडे पाहत होत्या. "हो," त्या म्हणाल्या, "सही साहेबांचीच आहे."

संचालक वाईट मनुष्य नव्हते. ते समजुतीच्या सुरात हसले. "बाई, टाइप केलं म्हणजे लिहिलं, असं होत नाही हो."

"नाही होत," बाई म्हणाल्या. उठल्या, खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली आणि गेल्या. पाण्याला त्यांनी हात लावला नव्हता.

त्या रात्री मी एक वाक्य तयार केले आणि पाठ केले. सकाळी बाई नेहमीच्याच वेळेला आल्या, डिरेक्टऱ्या खुर्चीवर ठेवून बसल्या आणि मला म्हणाल्या, "आज कुठलं पत्रक घेऊ?" मी पत्रक दिले. वाक्य माझ्याजवळच राहिले.

त्यांच्या कामात त्यानंतर एकही चूक निघाली नाही. बोलणे-चालणे पूर्वीसारखेच होते. माझ्या बिनसाखरेच्या चहाची आठवण शिपायाला त्याच करून देत. पण सहाव्या खणात सहाशे एकेचाळिसावे कार्ड कधी आले नाही, आणि 'साहेब, एक गंमत दाखवू?' हे मला पुन्हा ऐकू आले नाही. शिपाई एकदा म्हणाला, "बाई अलीकडे हसत नाहीत, साहेब. दाढ दुखते का काय?" मी म्हणालो, असेल.

तीन वर्षांनी मी निवृत्त झालो. मला जे मानपत्र मिळाले त्यात पुस्तिकेचा गौरवाने उल्लेख आहे, आणि ते बाईंनी टंकित केलेले आहे. त्यातला प्रत्येक 'र' ओळीच्या वर उडी मारतो. ते आमच्या दिवाणखान्यात चौकटीत लावलेले होते. सोळा वर्षे मी त्याच्या खालच्या खुर्चीवर बसलो, कारण तेथून ते दिसत नाही.

गेल्या महिन्यात कंपनीचे पत्र आले. पुस्तिका पुन्हा छापायची आहे, काही दुरुस्त्या असल्यास कळवाव्यात. मी दोन दिवस बसून अकरा दुरुस्त्यांची यादी केली आणि पडताळणीसाठी पत्नीला वाचून दाखवली. ती वाटाणे सोलत होती.

"झाली यादी?" तिने विचारले.

"झाली."

"आणि पहिल्या पानावरची?"

"पहिल्या पानावर चूक नाही."

"ते देण्या-घेण्याचं वाक्य तुमचं नाही."

"कशावरून?"

"अहो, सेहेचाळीस वर्षं झाली तुमच्या घरात मला. आपली लेक दिली त्या दिवशी सगळे रडत होते, आणि तुम्ही खुर्च्या मोजत होता. दोन कमी भरल्या म्हणून मांडववाल्याशी भांडलात. तुम्हाला सुचायचं नाही ते. इतकी वर्षं मी वाट बघतेय, हे आपणहून कधी सांगतील."

मी सांगितले. सगळे सांगून होईपर्यंत तिचे वाटाणे सोलून झाले होते. ती म्हणाली, "मग शुद्धिपत्र कुणाकडे न्यायचं ते कळतंय ना? आणि माझ्याकडे बघू नका. मी येणार नाही सोबत."

बाई दुसऱ्या मजल्यावर राहतात. जिना अरुंद आहे, आणि मी शहात्तर वर्षांचा आहे. दार त्यांच्या मुलीने उघडले. तिने मला नखशिखान्त पाहिले आणि आत वळून म्हणाली, "आई, तुझे साहेब आलेत." 'तुझे' या शब्दावर तिने दिलेला जोर मी अजून विसरलेलो नाही.

बाई खिडकीशी बसून नातीच्या वहीला कव्हर घालत होत्या. चष्मा नवा होता. मी उभ्यानेच कागद पुढे केला. त्यावर लिहिले होते की, या पुस्तिकेतील सर्व सहाशे चाळीस कार्डे त्यांनी तयार केलेली आहेत. मुखपृष्ठावर त्यांचे नाव असावे. त्यांनी वही बाजूला ठेवली, कानामागची पेन्सिल काढली आणि वाचले.

"सहाशे चाळीस नाहीत."

"म्हणजे?"

"सहाशे बारा. अठ्ठावीस तुमची आहेत. तुमच्या मशीनवर केलेली. त्यांच्यातला 'र' सरळ आहे."

"तीही तुमच्याच नावावर असू द्यावीत, अशी माझी—"

"का म्हणून? तेव्हा माझं घेतलंत, आता तुमचं टाकून देताय. एकदा तरी खरा आकडा लिहा की, साहेब."

आतून मुलीने विचारले, "आई, चहा टाकू, की जाताहेत?"

"टाक," बाई म्हणाल्या. "साहेबांना बिनसाखरेचा."

येथवर मी स्वतःला सावरून होतो. मी म्हणालो, "बाई, मला तुमची क्षमा—"

"तिचं मी काय करू?" त्या रागावल्या नव्हत्या. हिशेबाने बोलत होत्या, जसे एखाद्या पत्रकाविषयी बोलत. "ती जागा गेली, ते वय गेलं. तुमच्या समितीतले दोघेही गेले. आता नुसतं नाव छापाल, तर वाचणारा म्हणेल, केवढ्या मोठ्या मनाचा माणूस, टायपिस्टलासुद्धा श्रेय दिलं. तसलं नको मला. मुलाखतीत त्यांनी काय विचारलं आणि तुम्ही काय उत्तर दिलंत, ते छापा. जसंच्या तसं. मग माझं नाव घाला."

चहा आला. आम्ही तो घेतला. निघताना त्यांची मुलगी जिन्याच्या तोंडापर्यंत आली आणि म्हणाली, "सावकाश उतरा. तिसरी पायरी मोडकी आहे." मी आलो तेव्हा तिने हे सांगितले नव्हते.

हा मजकूर त्यानंतर लिहिला आणि बाईंकडे तपासायला पाठवला. सवयीप्रमाणे खाली उजव्या कोपऱ्यात तपासणाऱ्याच्या सहीसाठी जागा सोडली होती. काल तो परत आला. पेन्सिलीने केलेल्या तीन दुरुस्त्या आहेत. डिरेक्टऱ्या मी तीन लिहिल्या होत्या, त्या दोन होत्या. नवऱ्याविषयीच्या वाक्याशेजारी 'असू दे' एवढेच लिहिले आहे. आणि मुलाखतीच्या परिच्छेदात, संचालकांच्या प्रश्नानंतर, मी मूळ मसुद्यात 'क्षणभर मी गप्प राहिलो' असे लिहिले होते. ते त्यांनी खोडले आहे. समासात शब्द आहेत: 'गप्प नव्हता. लगेच बोललात.'

तिन्ही दुरुस्त्या मान्य करून वर घेतल्या आहेत. सहीसाठी सोडलेल्या जागेवर त्यांनी सही केलेली नाही. तेथे एक आडवी रेघ आहे, आणि तिच्यापासून निघालेला बाण मजकुराच्या शेवटी, लिहिणाऱ्याच्या नावाकडे गेला आहे. कंपनीला हे शुक्रवारपर्यंत हवे आहे. सही केली आहे. आज टपालात टाकतो.